जावेची अक्षरं

दोघी जावांनी मोतीबिंदू एकाच दिवशी काढून घेतला, एकाच डॉक्टरांकडून. आग्रह थोरलीचाच होता. दोघींच्या दोन वेळा सांभाळत दवाखान्याचे हेलपाटे कोण घालणार! थोरली आधी टेबलावर झोपली, तिच्यानंतर धाकटी. लग्न होऊन आल्यापासून धाकटी तिच्या मागूनच चालत आली होती, त्यात नवल ते काय?

पण डोळा आधी सुधारला तो धाकटीचा. पट्टी निघाली तशी बाई चेकाळलीच. "अगंबाई, जाऊबाई, ही भिंत पांढरी आहे होय! मी आपली पिवळी समजून बसले होते!" थोरलीची पट्टी काढली तर समोर नुसतं धुकं. डोळ्याला आतून सूज आली होती, दाबही वाढला होता. "होतं असं कधी कधी. हळूहळू उतरेल, धीर धरा," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला! दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू तर अजून तसाच होता.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं रफूचं दुकान. खिडकीपाशी उजेडातली खुर्ची थोरलीची. कोटाला भोक पडो की शालीला कसर लागो, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढून ती असं काही विणायची की गिऱ्हाईकच भोक शोधत बसे. नाजूक काम थोरलीचं, जाडंभरडं धाकटीचं, हा घरचा कायदा. आता त्या खुर्चीत धाकटी बसू लागली. "तुमचा डोळा बरा होईपर्यंतच हो," म्हणून बसली, पण बसली ना!

थोरली काळा चष्मा लावून कोपऱ्यात. वकीलसाहेब कोट न्यायला आले, उजेडात धरून म्हणाले, "वा! थोरल्या बाईंचाच हात, दुसरं कोण!" धाकटी नुसती हसली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक काढायचीच म्हणून तिने कोट मागून घेतला, बोटांनी चाचपला. जोड काही हाताला लागेना. "बरं आहे," एवढंच म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

तिच्या डोळ्यात थेंब घालायची तीही धाकटीच, अगदी वेळच्या वेळी. तेही हिला सोसेना. "सावकाश गं! भिंत रंगवतेस का?" असं रोजच काहीतरी.

पुढच्या तपासणीला दोघी एकाच खोलीत. तपासणाऱ्या बाईंनी आधी धाकटीला तक्त्यासमोर बसवलं. ती घडाघडा वाचत गेली, अगदी खालची ओळसुद्धा. थोरली बाकावर बसून ऐकत होती. विणीचे नमुने तोंडपाठ ठेवण्यात जन्म गेलेला, तिथे चार अक्षरांची काय कथा! तिची पाळी आली. समोर तक्ता म्हणजे एक पांढरा डाग. तिने मान ताठ केली आणि सगळं म्हणून दाखवलं, एकही अक्षर न चुकता.

"वा! इतकं वाचताय म्हणजे सूज उतरतेय," डॉक्टर म्हणाले. "थेंब कमी करू."

"पुढच्या तपासणीनंतर खुर्ची माझी," बाहेर पडताच थोरलीने बजावलं. तेवढ्यात तिची पायरी चुकली. धाकटीने दंड धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

थेंब कमी झाले तसा डोळा ठणकू लागला. थोरलीने ब्र काढला नाही. काढला असता तर खुर्ची कायमची गेली असती. पाणी ओतताना पेल्याबाहेर सांडलं तर तिने पेल्यालाच नावं ठेवली.

पुढच्या खेपेला पुन्हा धाकटी आधी बसली. पुन्हा घडाघडा वाचलं, पण अक्षरं निराळी. तक्ता बदलला वाटतं, असं मनाशी म्हणून थोरलीने नवी अक्षरं पाठ केली आणि तशीच्या तशी म्हणून दाखवली.

"हे काय चाललंय?" तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "मघाशी वाटलं, यांचा डोळा बिघडला. पण यातलं एकही अक्षर तक्त्यावर नाही. दोघींची चूक एकच कशी?"

थोरलीच्या कानशिलांना आग लागली. "मुद्दाम केलंस!"

"हो, मुद्दाम," धाकटी म्हणाली. "पायरी चुकली तेव्हाच संशय आला होता. नुसतं विचारलं असतं तर कबूल केलं असतंत?"

"कबूल? झिंज्या उपटल्या असत्या तुझ्या!"

डॉक्टरांनी डोळा तपासला आणि त्यांचं हसू मावळलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर डोळा हातचा गेला असता. थेंब वाढले. कित्येक महिने लागतील, आणि नाजूक काम या डोळ्याने होईल की नाही, ते आज सांगता येणार नाही. भलतंसलतं वाचल्याबद्दल धाकटीचीही पुन्हा तपासणी निघाली. दोघींच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालून त्यांना बाकावर बसवलं.



"तुला आत्ता काय दिसतंय गं?" थोरलीने विचारलं.

"सगळं पुसट."

"माझा हात?"

"हाताच्या जागी काहीतरी आहे."

थोरलीला बरं वाटलं. कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं, आणि मग स्वतःचीच शिसारी आली. "मला तुझं बघवत नाही," ती म्हणाली. "तुझा बरा झाला, माझा नाही झाला. नाही बघवत. खोटं कशाला बोलू?" आणि तिला हुंदका आवरेना.

धाकटीने चाचपत तिचा हात शोधला. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण आत्ता रडू नका, जाऊबाई. औषध वाहून जाईल."