पातं माझं नव्हे

मी एक घडीचा चाकू बोलतोय. खरं तर बोलतेय ती नुसती मूठ. पातं दुसऱ्याचं आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकदा ते सांगायचं राहिलं, त्याचीच ही हकिकत.

मला घडवणारा कारागीर डावखुरा होता. शिंगाची मूठ तो दिवसदिवस घासत बसायचा आणि तिच्या पितळी टोकावर एक बारीक चांदणी कोरायचा. पातं उघडताना नख अडकवायला खाच लागते. इतर कारागीर ती ज्या बाजूला पाडत, त्याच्या उलट बाजूला हा पाडायचा.

तो गेल्यावर घरातले सगळे चाकू विकले गेले. मी तीन घरं फिरलो. शेवटच्या घरातल्या सूनबाईंनी माझ्या पात्याने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला घेतलं आणि पातं कटकन मोडलं. त्यांच्यावर माझा राग नाही. चाकू हाती आला की माणसाला काहीतरी उचकटावंसं वाटतंच.

मग जुन्या चाकूंच्या एका दुकानदाराने मला घेतलं आणि त्याच मापाचं दुसरं पातं बसवलं. माणूस काटेकोर. प्रत्येक चाकूला दोऱ्याने चिठ्ठी बांधायचा, तिच्यावर सगळे दोष लिहायचा आणि गिऱ्हाइकाला बजावायचा, "आधी चिठ्ठी वाचा, मग हात लावा." माझ्या चिठ्ठीवर होतं: मूठ मूळची, पातं बदललेलं.

एका दुपारी मास्तर आले. दुकानदाराचे शाळेपासूनचे मित्र आणि माझ्या कारागिराचे चिरंजीव. वडिलांच्या हातचा एक तरी चाकू मिळावा म्हणून ते कितीतरी वर्षं शोधत होते.

"अरे, ही चांदणी..." एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

तेवढ्यात दुकानदाराने दोरा तोडला. चिठ्ठी खणात सरकवली आणि नवी लिहिली: मूळचा, जसाच्या तसा. हा लोभ होता की माया, मला अजून ठरवता आलेलं नाही. कदाचित त्यालाही आलं नसेल.

मास्तरांनी मला उघडलं. त्यांचं बोट पात्यावर थबकलं. त्यांनी मला उलटून पाहिलं.

"अजून काही सांगायचं राहिलंय का रे?"

"छे, काय राहणार?"

"बघ हं. नंतर म्हणशील, विसरलो."

"चाळीस वर्षं शिकवलंस, तरी तोंडी परीक्षा घ्यायची हौस फिटली नाही का तुझी?"

दोघंही हसले.

पुढे दर गुरुवारी मास्तर चहाला दुकानात यायचे. मी त्यांच्या खिशात असायचो. निघताना ते उगाच रेंगाळायचे आणि विचारायचे, "काही सांगायचंय?" मला खण उघडल्याचा आवाज यायचा. मग बंद केल्याचा. "नाही रे, ये तू."

मग मास्तर अंथरुणाला खिळले. पुन्हा त्या दुकानात गेलो, तो त्यांच्या मुलीच्या हातातून.

"काका, बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी म्हणाले, हा तुम्हाला द्यायचा." तिने माझी चिठ्ठी उलटी केली. मागे मास्तरांचं वळणदार अक्षर होतं: पातं बदललेलं आहे. विकताना सांगावे.

दुकानदाराने त्या अक्षरावरून बोट फिरवलं. "त्याला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. आजोबा डावखुरे होते ना, त्यांची खाच उलट्या बाजूला असायची."

"मग बोलला का नाही मला?"

"दर गुरुवारी निघताना म्हणायचे, आज सांगेल तो."

ती गेल्यावर त्याने खण पूर्ण उघडला. जुनी चिठ्ठी काढली आणि मास्तरांच्या चिठ्ठीशेजारी बांधली. दोरा ओवायला त्याला फार वेळ लागला.

आता मी दर्शनी काचेत असतो. लोक वाचतात आणि ठेवून देतात. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते इतकंच, की तुमच्याही खणात अशी एखादी चिठ्ठी असेल, तर ज्याची त्याला वेळेत द्या. विचारणारा कायम येत राहत नाही.

कोणी मला हातात घेतलं, की आतून दुकानदार उठून येतो.

"पातं बदललेलं आहे बरं का."

"अहो आजोबा, वाचलं मी. दोनदा लिहिलंय."

"हो," तो म्हणतो. "तरी सांगतो."