तीनला उचलायचं

"एक... दोन... तीन," मावशी म्हणाली आणि आम्ही आजोबांना चादरीसकट खाटेवरून स्ट्रेचरवर घेतलं. आम्ही कसलं, मीच घेतलं. मावशीचा उजवा हात चादरीला नुसता लागला होता. सगळं वजन एका अंगाला गेलं, आजोबांची पाठ स्ट्रेचरच्या दांडीवर आपटली आणि ते कळवळले.

हाडांच्या वॉर्डातल्या आम्ही दोघी आया, बावीस वर्षांची जोडी. ती डोक्याकडे, मी पायांकडे. आकडे तिने मोजायचे. मावशी सातवी शिकलेली, पण डॉक्टरांचं इंग्रजी ऐकून ऐकून तिने पाठ केलेलं. राऊंड संपला की अख्खा वॉर्ड तिच्याकडे बघायचा. "काय म्हणाले हो मावशी?" मग ती पेशंटचा हात हातात घेऊन सांगायची. "स्प्रेन म्हणजे मुरगळलंय. स्ट्रेन म्हणजे स्नायू ताणलाय, आठ दिवसांत पळायला लागाल." मोठं दुखणं असलं तर तेही तसंच सांगायची. "खोटं सांगितलं की दुखणं दुप्पट होतं," म्हणायची. थोडा तोरा होता तिला. एकदा नव्या डॉक्टरलाच तिने सुनावलं, "हाड नाही साहेब, लिगामेंट आहे." निघालंही तसंच.

स्वतःच्या खांद्याबद्दल मात्र चार महिने एकच पालुपद. "काही नाही गं, जरा भरून आलाय." मला काय कळत नव्हतं? तिच्या वाटणीचं वजन मी ओढत होते आणि तोंड मिटून होते. कारण उचलता येत नाही म्हटलं की वॉर्ड सुटतो. मग तळमजल्यावर चादरींच्या घड्या घालत बसायचं. माणसांशिवाय मावशी जगली नसती.

आजोबांचं नशीब बलवत्तर, मुक्या मारावर निभावलं. एक्सरे काढायला त्यांना आत नेलं, तेव्हा मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चल," ती म्हणाली. "खांदा दाखवून येऊ."

डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, वरून दाबला, सोनोग्राफीची फिल्म उजेडात धरली. मग शेजारच्या डॉक्टरला म्हणाले, "कम्प्लीट टेअर. मसल व्हेरी वीक. नो लिफ्टिंग, एव्हर." आमच्याकडे वळून म्हणाले, "आराम करा हं मावशी," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेरच्या बाकावर मावशी उजवा हात मांडीवर ठेवून बसली. मग म्हणाली, "काय म्हणाले गं?"

तिला कळलं नसेल? अख्ख्या वॉर्डाला इंग्रजी समजावणाऱ्या बाईला? 'ताणलाय' हा शब्द अगदी माझ्या ओठांवर आला होता. पण मी तिचा डावा हात हातात घेतला.

"फाटलाय मावशी. पूर्ण. आता उचलायचं नाही."

"कधीच?"

"कधीच."

"बरं," ती म्हणाली. रडू मला आलं.

वॉर्डात परतलो तर आजोबांना पुन्हा खाटेवर घ्यायचं होतं. मावशी सवयीने डोक्याकडे गेली, चादरीचं टोक धरलं आणि ते शेजारच्या वॉर्डातल्या आयेच्या हातात दिलं.

"आजोबा, मघाशी चूक माझी झाली," ती म्हणाली. "आता नाही लागायचं."

मग दोन पावलं मागे सरकून भिंतीपाशी उभी राहिली.

"एक... दोन..."

आम्ही तिच्याकडे बघत थांबलो. तिचा उजवा खांदा उगाचच किंचित हलला.

"तीन."