कुंडीचा घेर

कुंडीच्या काठावर पांढऱ्या क्षाराची एक रेघ गोल फिरली होती, आणि ती कुठेही तुटलेली नव्हती. लेकीने टेपचं टोक त्या रेघेवर अंगठ्याने दाबलं आणि फांद्या चुकवत कुंडीभोवती एक फेरी मारली.

आईने आपल्याकडे कायमचं राहायला यावं म्हणून ती तीन वर्षं मागे लागली होती. आई धड हो म्हणत नव्हती, धड नाही म्हणत नव्हती. आधी जिना आडवा आला, मग गुडघे, आणि आता हे लिंबाचं झाड. ‘त्याच्याशिवाय मी हलायची नाही आणि त्याची कुंडी तुझ्या दारातून जायची नाही,’ असं तिने फोनवर ऐकवलं होतं.

खोड मधोमध, त्यामुळे आडवं माप घ्यायची सोय नव्हती. आईने घेर कळवला होता एकशे पाच इंच. लेकीने त्याला तीन पूर्णांक चौदा शतांशाने भागलं. व्यास जवळजवळ साडेतेहतीस. दार साडेबत्तीस. गणित चोख होतं, तरी तिला चैन पडेना. म्हणून ती स्वतः आली होती.

“एकशे एकच भरतंय, आई.”

“मग बरोबर आहे की.” शिवणयंत्रावरून आईने मानही वर केली नाही. “अंगाबरोबर माप कोण कळवतं? चार इंच सैल धरले.”

“कुंडीला?”

“चाळीस वर्षांची शिवणाची सवय. हात आपोआप धरतो.”

“कुंडी जेवून फुगणार आहे का?”

आईला हसू आवरेना. लेकीने टेपच्या पाठीवर भागाकार मांडला: बत्तीस आणि थोडंसं. पाव इंचाहून थोडी जास्त जागा उरत होती.

“जाते. आता काय अडलं?”

यंत्र थांबलं. आईने दोरा दाताने तोडला.

“जावई म्हणाले, ‘आई, आता यंत्र विका, आराम करा.’ दोनदा म्हणाले.”

“मला नाही बोललीस.”

“तू विचारलंस कुंडीचं.”

लेकीने टेप सरळ केली आणि यंत्राची रुंदी मोजायला घेतली. आई बघत राहिली.

“लिहून घे,” ती म्हणाली. “येते मी राहायला. यंत्रासकट. आणि पुढच्या खोलीत माझी गिऱ्हाइकं बसतील, जावयांना सांगून ठेव.”