जाड तारेचे स्प्रिंग

‘गोरखचं काम परत येत नाय.’ हे मी गॅरेजच्या शटरवर पिवळ्या अक्षरांत रंगवून घेतलंय. पनवेलच्या बाहेर, जुन्या हायवेला लागून माझं गॅरेज. वीस वर्षं गाड्यांच्या खाली उताणा पडून काढली. कोणी यावं आणि मला धंदा शिकवावा, हे मी माझ्या बापाचंसुद्धा कधी ऐकून घेतलं नाय.

आणि शालोमकाका आले ते थेट मोजायची टेप घेऊन.

इस्रायल आळीतला माणूस, बेने इस्रायली ज्यू. रसायनीच्या कारखान्यात, लॅबमध्ये सगळी नोकरी गेली, त्यामुळे चहात साखरसुद्धा मोजून घालणार. ताल आणि अविटल, दोन्ही पोरं इस्रायलला गेली ती तिकडचीच झाली. इथं उरले काका, लीयाकाकी आणि तेवीस वर्षांची एस्टीम. गाडी बसली होती. मागून बघितली तर दगडावर टेकलेली म्हैस.

काका गुडघ्यावर बसले, चाकापासून मडगार्डपर्यंत टेप लावली आणि म्हणाले, “गोरख, पुढून चार सेंटिमीटर खाली आली आहे, मागून पाच. स्प्रिंग थकलेत. नव्यांची तार साडेदहा मिलिमीटरची हवी. मी लिहून आणलंय.”

“काका, गाडी बसलीय ते मला रस्त्याच्या पलीकडून दिसतंय. ती टेप घरी ठेवा.”

ते हसले. मला ते हसणं आवडलं नाय.

“उंच नकोय मला, मऊ हवी आहे,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून बाकीचं सांगितलं. काकींच्या कण्याची हाडं ठिसूळ झाली होती, वाळलेल्या पावासारखी. दोन मणके आधीच चेपलेले. डॉक्टरांनी सांगितलेलं, हादरा चालणार नाही. पण काकींचा नवस होता. अलिबागच्या अलीकडे खंडाळ्याला एक खडक हाय. त्यांच्या एलियाहू हन्नबी या प्रेषिताचा रथ तिथून वर स्वर्गात गेला आणि चाकाची खूण दगडावर राहिली, असं ही माणसं मानतात. आजारातून उठले तर त्या खडकावर स्वतःच्या पायांनी उभी राहीन आणि मलिद्याचा, गूळ-पोह्यांचा प्रसाद करीन, असं काकी बोलून बसल्या होत्या. रविवार ठरला होता. ठाण्याची, पेणची दहा माणसं प्रार्थनेला येणार होती.

“भाड्याची मोठी गाडी घ्या की.”

“तिला हीच हवी. पोरांना विमानतळावर याच गाडीतून सोडलं ना.”

शनिवारी शब्बाथ, काका गाडीला हात लावणार नाहीत. म्हणजे शुक्रवारी दिवस मावळायच्या आत गाडी द्यायची. “शुक्रवारी देणार म्हणजे देणार,” मी म्हटलं.

कळंबोलीच्या हरेशला फोन लावला, पार्ट्सचं दुकान हाय त्याचं. तो म्हणाला, “त्या मापाचे बुधवारी येतील. डिझेलवाल्या गाडीचे पडलेत, बारा मिलिमीटरचे. तुझ्या गिऱ्हाइकांना तेच आवडतात ना?”

आवडतात, खरं हाय. आमच्या गावांत हळद असली की एका गाडीत दहा माणसं कोंबतात, वर डेकोरेशनचं सामान. गिऱ्हाईक येतं ते चाक आणि मडगार्डच्या मधे चार बोटं घालून बघतं, चार बोटं गेली की खूश. मऊ बिऊ कोणी विचारत नाय. जाड तार टाकली की गाडी उचलून उभी राहते आणि वर्षानुवर्षं बसत नाय. शटरवरचं वाक्य त्या जाड तारेवर उभं हाय. पण जाड तार खाली जायला वर वजन लागतं. दोन म्हातारी माणसं बसली तर ती हलत पण नाय, खड्डा जसा असेल तसा थेट पाठीत.

हे मला माहीत नव्हतं असं नाय. मला सगळं माहीत होतं.

हरेशला म्हटलं, दोन्ही पाठव. जाड आजच, मापाचे बुधवारी. नंतर कधीतरी सर्व्हिसिंगला गाडी आली की गुपचूप बदलून टाकू. आठ दिवस थांबू या, असं काका नक्की म्हणाले असते. मी विचारलंच नाय. टेप घेऊन आलेल्या माणसाला ‘चुकला माझा अंदाज’ कोण सांगणार?

शुक्रवारी दुपारी काका आले. गाडी रुबाबात उभी. त्यांनी चाकाजवळ वाकून आत बघितलं आणि खिशातून व्हर्नियर काढला. लॅबमधला, जुना, पुसून चकचकीत ठेवलेला.

“तार मोजून घेतो. शंका नाही हं, सवय आहे.”

माझं डोकं सणकलं. “काका, विश्वास नसेल तर आत्ता जुने परत चढवतो. गाडी घ्या आणि दुसरीकडे जा. वीस वर्षांत माझं काम कोणी मोजलेलं नाय.”

गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती बघायला लागली. काकांचे कान लाल झाले. व्हर्नियर खिशात गेला. “सॉरी, गोरख. मी सांगितले तेच आहेत ना?”

“तेच. डोळे झाकून जा.”

तरी त्यांनी पिशवीतून स्टीलचा पेला काढला, काठोकाठ पाणी भरलं आणि डॅशबोर्डवर ठेवला. मी त्यांना न्यू पनवेलच्या नव्या काँक्रीटच्या रस्त्यावरून फिरवून आणलं. त्या रस्त्यावर बैलगाडी पण मऊ चालेल. एक थेंब सांडला नाय. काका पेल्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “लीया पोचणार,” म्हणाले.

तिथं तरी बोलायला हवं होतं. मी हॉर्न वाजवला.

त्यांना मोतीबिंदू, लांबचं दिसेना. म्हणून रविवारी मीच गाडी चालवायला गेलो. काकी आल्या, पांढरी साडी, कमरेला डॉक्टरांचा पट्टा. स्वतःच्या पायांनी दोन जिने उतरल्या. पोहे, गूळ, खोबरं भरलेली पिशवी पायांवर घेऊन मागच्या सीटवर टेकल्या. काका शेजारी.

पळस्पे सोडलं आणि पहिला खड्डा आला. चाक गेलं, गाडी उडाली, ठाणकन आदळली. आरशात काकींचं तोंड मिटलेलं दिसलं, ओठ दाताखाली.

“कशी वाटतेय?” काकांनी विचारलं. परीक्षेचा निकाल विचारावा तसं.

काकींनी श्वास घेतला. “किती मऊ चालतेय हो.”

काकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. “ऐकलंस, गोरख?”

मी वीसच्या वर गेलो नाय. वीसनेही काय होतंय? पेणपर्यंत प्रत्येक खड्ड्याला काका विचारायचे आणि काकी म्हणायच्या, मऊ. त्यांचा हात दाराच्या कडीवर इतका आवळलेला होता की बोटं पांढरी पडली होती. मला सगळं दिसत होतं. वडखळला थांबवून सांगू का, परत फिरू का, असं दहा वेळा जिभेवर आलं. मी म्हटलं काय, तर “रस्ताच तसला हाय, काका.”

पोयनाडच्या पुढे वळणावर खड्डा दिसलाच नाय. पुढची दोन्ही चाकं एकदम गेली. गाडी वर उठली आणि दगड टाकावा तशी खाली आली. काकींच्या तोंडून आवाज आला नाय. नुसता श्वास बाहेर गेला.

थोड्या वेळाने त्यांनी शांतपणे विचारलं, “माझ्या पायांवरची पिशवी कोणी उचलली का?”

“तिथेच आहे गं,” काका म्हणाले.

मी आरशात बघितलं. पिशवी त्यांच्या पायांवरच होती.

काकांनी पण बघितलं. आधी त्यांना कळलंच नाय. मग त्यांनी काकींच्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबला, आणखी जोरात दाबला. “लीया, हे कळतंय? हे?” काकी नुसत्या त्यांच्याकडे बघत होत्या.

मी गाडी अलिबागच्या हॉस्पिटलकडे घ्यायला लागलो. तेव्हा त्या पहिल्यांदा कडक बोलल्या. “आधी खंडाळा. वाटेतच आहे.”

पोचलो. पांढऱ्या टोप्या घातलेली दहा माणसं उभी होती. खडक वीस-पंचवीस पावलांवर. दार उघडलं, पण काकींना उतरता आलं नाय. पायच नव्हते तर उतरणार कशाने? माणसं खडकावरून गाडीजवळ आली, तिथंच प्रार्थना झाली. काकांनी मलिद्याचं ताट मागच्या सीटवर नेलं आणि काकींना घास भरवला. त्या खडकाकडे बघत चावत राहिल्या.

प्रार्थना संपली तसे काका मला हाताला धरून सगळ्यांपुढे घेऊन आले. डोळे वाहत होते त्यांचे. “हा गोरख. ह्याने स्प्रिंग बदलले म्हणून लीया इथवर तरी आली. जुन्या स्प्रिंगवर पेणच्या पुढे आली नसती.” आणि पहिलं ताट माझ्या हातात दिलं. दहा माणसं माझ्याकडे बघून मान हलवत होती. मी खाल्लं. ताट पुसून सगळं खाल्लं.

काका हॉस्पिटलला फोन लावायला बाजूला गेले, तेव्हा काकींनी मला जवळ बोलावलं.

“ते स्प्रिंग हे नाहीत ना?”

मी मान खाली घातली. “नाय, काकी.”

“पहिल्याच खड्ड्याला कळलं मला. ह्यांना सांगू नकोस. मी मेले तरी सांगू नकोस. व्हर्नियर खिशात होता आणि आपण मोजलं नाही, हेच ते मरेपर्यंत मोजत बसतील.” मग काच वर करायला सांगितली. मला एक शिवी तरी द्यायची ना! नाय दिली.

मणका मोडून नसेवर बसला होता. ऑपरेशन झालं, पाय आले नाहीत. हाड कधीही मोडलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. काका ते सगळ्यांना सांगतात, मला दिलासा द्यायला तर दोनदा सांगतात.

बुधवारी हरेशचा खोका आला. साडेदहाचे, चारही. फळीवर ठेवलेत.

आठवड्यातून दोनदा काका काकींना व्यायामासाठी इथल्याच हॉस्पिटलला नेतात. मोतीबिंदू काढला, आता स्वतःच चालवतात. मी म्हटलं, “काका, एक दिवस गाडी ठेवा. सर्व्हिसिंग फुकट करून देतो.” ते हसले. “चांगलं झालेलं काम उघडायचं नसतं रे. लीया अजून म्हणते, किती मऊ चालते.” वर गिऱ्हाइकं पाठवतात. आळीतली तिघं येऊन गेली, गोरखच्या हाताला गुण आहे असं शालोमसाहेब म्हणाले, म्हणून.

काकींनी शपथ घातली म्हणून गप्प हाय, असं मी माझ्या बायकोला, मालूला सांगितलं. ती म्हणाली, “शपथेचं नाव नका सांगू. शटरवरचं पुसायला लागेल म्हणून गप्प हाव तुमी.” मी तिच्यावर ताट फेकलं. खरं बोलली म्हणून फेकलं.

माझ्या दारासमोर एक खड्डा होता, तो मी सिमेंटने बुजवला. तिथून हॉस्पिटलपर्यंत आणखी एकतीस हायत, चालत जाऊन मोजले. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ती गाडी जाते. काका हॉर्न वाजवून हात करतात. काकी मागे कडी धरून बसलेल्या असतात, माझ्याकडे बघत नाहीत. बुजवलेल्या खड्ड्यावरून गाडी अलगद जाते, मी हात वर करतो आणि पुढच्या खड्ड्याचा आवाज यायच्या आत ग्राइंडर चालू करतो.