मनकर्णाच्या बांधीतला गाळ

आमची शेती खाणीत गेली आणि बदल्यात मला नोकरी लागली, ती पाण्याची. राजुऱ्याकडच्या त्या उघड्या कोळसा खाणीभोवती उपसलेल्या मातीचे डोंगर होते. पावसात ती माती वाहायची. ते गढूळ पाणी नालीतून टाकीत आणायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी दगडी सांडव्यावरून नाल्यात सोडायचं, एवढं माझं काम. कागदावर तिचं नाव सेटलिंग टाकी. मी बोडीच म्हणायचो, आमच्याकडे धानाला पाणी देणाऱ्या तळ्याला म्हणतात तशी. मातीची पाळ, आत पाणी, कोपऱ्यात सांडवा. माझ्या बापाची बोडी तरी याहून वेगळी काय होती?

टाकीच्या खालीच माझ्या धाकट्या विधवा बहिणीच्या, मनकर्णाच्या, धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, होत्या. दोन एकर. घराण्यात उरलेली जमीन तेवढीच, आणि तिचं पोटही तेवढ्यावरच.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात टाकीतला गाळ काढलाच नाही. मी खाणीच्या साहेबाकडे तीनदा गेलो.

"साहेब, अर्ध्याच्या वर गाळ हाये. खाली माह्या बहिणीचं धान हाये."

"मशीन कोळसा काढतंय, लटारू. पुढच्या महिन्यात बघू."

पुढचा महिना! कोळसा संपेपर्यंत तो उजाडणार नव्हता.

ऑगस्टात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी पाळीला भेग दिसली. पाणी काठोकाठ, पाळीचं पोट फुगलेलं. बोडीवर वाढलेल्या माणसाला अशा वेळी एकच ठाऊक असतं. पाळ वाचवायची तर कोपऱ्याला कापायची. थोडं पाणी जातं, खालचं धान ते पिऊन घेतं, बोडी राहते. विचार करायला वेळच नव्हता, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. साफ खोटं. वेळ होता. मी फावडं उचललं आणि हात आपोआप चालले.

आधी हातभर निवळ पाणी गेलं. मग काप रुंदावला आणि तळाचा सगळा गाळ निघाला. मी दगड टाकले, पोती टाकली, शेवटी स्वतः कापात आडवा झालो. गाळाने मला बाजूला सारलं आणि तो मनकर्णाच्या बांध्यांत उतरला.

साहेब छत्री घेऊन आला. "अरे, नाली खाणीकडे फिरवायची होती! चार दिवस पंप चालवून उपसलं असतं."

खरं होतं. पण पाणी खाणीच्या खड्ड्यात वाया घालवायचं मला सुचलंच नाही. आणि गाळ वेळेवर काढला असता तर? हे मी त्याच्या तोंडावर बोललो नाही. नोकरीसाठी राग गिळला, त्याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी खाली गेलो. महिन्यापूर्वी रोवलेलं धान गुडघाभर काळ्या चिखलाखाली होतं. कोपऱ्यातली एक बांधी तेवढी वाचली होती. मनकर्णा चिखलात उभी होती. मी हात जोडले.

"मनकर्णा, पाळ मीच फोडली."

"मंग रडून काऊन राह्यला, भाऊ?" ती चक्क हसली. "यंदाचं गेलं तं गेलं. बोडीचा गाळ आला नं आयता! बाबा गाड्या भरभरून टाकत होते वावरात. पुढच्या साली पाह्यजो, कसं धान येते तं."

आमच्याकडे बोडीचा गाळ म्हणजे सोनं. हा गाळ म्हणजे शंभर हात खालून उपसलेल्या दगडाचा भुगा आणि कोळशाची भुकटी. मागे काढलेला ढीग टाकीच्या काठावर मी रोज बघत होतो. वाळून फरशीसारखा झाला होता, दोन वर्षांत त्यावर गवताची काडी उगवली नव्हती.

गप्प राहावं असं फार वाटलं. एक रात्र तरी ती सुखाने झोपली असती. पण ती वाकली, ओंजळीने चिखल उचलला आणि वाचलेल्या बांधीत टाकू लागली. त्या धानालाही खत मिळावं म्हणून.

"नको टाकू!" मी ओरडलो. "तो बोडीचा गाळ नोहे. खाणीचा हाये. त्याच्यात काई उगवत नाई."

तिची ओंजळ तशीच राहिली. "पुढच्या साली?"

"पुढच्या सालीही नाई."

ती चांगल्या बांधीत उतरली आणि आपणच टाकलेला चिखल धानाच्या बुडातून बोटांनी वेचून पदरात भरू लागली. मदतीला मी धुऱ्याच्या बांधावरून पाय खाली टाकला.

"तू नको येऊ इथी," ती म्हणाली.