जळका रुपया

शंतनु दुकानात शिरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. इंदरगंजच्या चौकातल्या हेमांगीच्या स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोंपेक्षा नाण्यांचेच फोटो जास्त निघत. टांकसाळीत ठसा चुकलेली नाणी जमवणारे शंतनुसारखे लोक तिच्याकडे येत, कारण फोटो काढता काढता चूक खरी की बनावट हेही ती सांगायची. हे वेड तिला वडिलांकडून, म्हणजे संभाजीराव नानांकडून आलेलं. त्यांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"ताई, ये देखो!" शंतनुनं रुपया काळ्या कापडावर ठेवला. "ठसा सरकलाय. और रंग बघा, काळपट तांबूस. म्हणजे चकतीपण गलत धातूची. एकाच नाण्यात दोन चुका!"

"कुठे मिळाला?"

"नई सडकवर एक जण बसतो ना, चंबळेच्या घाटावर पाण्यातून नाणी काढून आणतो, त्याच्याकडे."

हेमांगीनं आधी वजन केलं. काट्यावर ते नेहमीच्या जुन्या रुपयाइतकंच भरलं. मग दिवा बाजूनं, अगदी खाली धरून तिनं कॅमेऱ्याची लेन्स जवळ आणली. स्क्रीनवर नाण्याचा पृष्ठभाग बारीक फोडांनी भरलेला दिसला.

"धातू बरोबर आहे, शंतनु. हा रंग टांकसाळीतला नाही. नाणं जळलंय. चांगलं तापून निघालंय."

त्याचा चेहरा उतरला. "और ठसा?"

"तो खरंच सरकलाय. थांब, कडा बघू दे."

तिनं नाणं किंचित फिरवलं आणि तिचा हात तिथेच थांबला. वरच्या बाजूला सिंहांची अर्धी कापलेली डोकी. खाली चंद्रकोरीसारखी कोरी जागा. आणि त्या कोऱ्या जागेच्या काठावर एक त्रिकोणी टवका.

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली.

कॉम्प्युटरवरचा एक जुना फोटो तिनं उघडला. तो नव्या फोटोवर ठेवला, थोडा फिरवला. कोर कोरीवर बसली. टवका टवक्यावर बसला. ठसा एकदा जसा सरकतो तसाच हुबेहूब पुन्हा सरकत नाही, हे ती गिऱ्हाइकांना रोज सांगत आली होती. तरी तिनं तो फोटो पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

"ताई, क्या हुआ?"

"हे नानांचं आहे."

"चोरीला गेलं होतं?"

"मी त्यांच्या मुठीत ठेवलं होतं." तिनं नाण्यावरचा दिवा बंद केला. "चितेवर."

शंतनु झटकन मागे सरकला. "मी तर हे खिशात घालून फिरतोय, ताई. कालपासून!"

हेमांगी तिथेच जमिनीवर बसली. रुपयावर नानांची गार बोटं ती मिटत होती, तेव्हा गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. आई म्हणाली होती, 'असू द्या, त्यांचा जीव होता त्यात.' पुढे भावानं, अभिरामनं, अस्थींचा कलश चंबळेत रिकामा केला. राखेबरोबर रुपयाही गेला असणार. चोरी कुणीच केली नव्हती. एवढं सगळं उलगडलं, तरी तिला ते नाणं पुन्हा हातात घ्यावंसं वाटेना.

तिनं आईला फोन केला. काय झालं ते फोनवर सांगवेना, नुसतं "ये" म्हणाली. आई, मंदाताई, कंपूवरच्या घरून रिक्षानं आल्या. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले, मग नाणं पाहिलं, आणि टेबलाची कड घट्ट धरली.

"सगळं सोडलं होतं ना आपण पाण्यात?"

"हो, आई."

"मग हे कसं?"

हेमांगीनं सांगितलं. मंदाताईंनी ऐकलं आणि पुन्हा तेच विचारलं, "मग हे कसं?" त्यांनी एक बोट नाण्याला लावलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं.

"काकू, तुमचंच आहे. ले जाइए," शंतनु हात जोडून म्हणाला. "माझ्याच्यानं आता ठेवणं होणार नाही."

"परत नदीत सोडू या?" हेमांगीनं विचारलं.

"नको." मंदाताईंचा आवाज पहिल्यांदाच स्थिर झाला. "परत कुणीतरी काढेल. परत कुठेतरी फिरतील तुझे नाना."

त्यांनी पिशवीतून धुतलेला रुमाल काढला आणि नाणं त्यात गुंडाळलं. हेमांगीनं शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर रिक्षात बसली. कंपूच्या वाटेवर खड्डे फार. रुमाल मांडीवर दोन्ही हातांनी सांभाळत मंदाताई प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला म्हणत होत्या, "भैया, ज़रा धीरे. धीरे चलाना."