नळामागची भिंत

प्रेमाताईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोनच ओळींचं होतं. 'नळाची गोष्ट तुमी डोळ्यानं बघितली का रचली? तेवढं कळवा.'

मुरबाडकडच्या एका गावाच्या त्या सरपंच. दिवाळी अंकातल्या माझ्या कथेत पुढारी नळाचं उद्घाटन करतो आणि भिंतीमागे लपलेला माणूस हंड्यानं पाइपात पाणी ओततो. कुणीतरी माझं नाव कापलं, प्रेमाताईंचा फोटो लावला आणि कथा मोबाइलवर बातमी म्हणून फिरवली. खाली 'खात्रीलायक सूत्र'. आता त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव येणार होता.

उत्तर सुचेना, कारण माझीच खात्री नव्हती. या वयात ऐकलेलं कुठलं आणि सुचलेलं कुठलं, वेगळं काढता येत नाही. एसटीत कुणी सांगितलं असेल तर? शेवटी माझ्या गावाहून, किन्हवलीहून, बस धरून मी नळ बघायलाच गेलो.

नळ अंगणवाडीसमोर, उघड्या माळावर होता. मागे भिंत नव्हतीच. नळापाशी प्रेमाताईच भेटल्या. मी नाव सांगितलं. वाटलं, हाकलतील.

"तुमी व्हय ते," प्रेमाताई म्हणाल्या. "आता सांगा, ह्याच्यामागं मानूस कुठं लपवू? आमचा धाकलू लपवायचा तर डोंगुर लागंल."

अंगणवाडीच्या ओट्यावरून त्यांचा नवरा धाकलू म्हणाला, "वर हंडा पन मीच धरला म्हनं. घरात कधी धरला नाय."

"तेच सांगितलं मी सगल्यांना. कोनी आयकत नाय." त्यांनी नळाखाली तांब्या धरला आणि भरून मला प्यायला दिला. पाण्याला लोखंडाची चव होती.

"तुमच्या नळाची ती गोष्ट नाही," मी म्हणालो. "आत्ता लिहून देतो."

"इथं नको, बाबा. बसवून लिहून घेतलं म्हनतील. घरी जा, पोस्टानं धाडा. किन्हवलीचा शिक्का पायजे. फुडल्या आठवड्यात सभा हाय."

घरी येऊन लिहायला बसलो. पहिल्या कागदावर पाणी 'अमृतासारखं' झालं. तो फाडला. मग लिहिलं, 'कथा मी घरात बसून लिहिली. तुमचं गाव तेव्हा पाहिलं नव्हतं. कल्पना कुठून सुचली, सांगता येत नाही; पण तुमच्या नळामागे भिंत नाही, आणि नळाला पाणी येतं. चव जरा लोखंडाची आहे.' शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. राहू दिलं.

पोस्टातल्या माधुरीबाईंना म्हटलं, शिक्का जरा ठळक मारा. त्यांनी दाबून मारला आणि पाकीट माझ्यापुढे धरलं. "वाचता येतोय का बघा, काका."

चष्मा लावून मी गावाचं नाव वाचलं आणि पाकीट परत त्यांच्या हाती दिलं.